कल्पनाची भूपाळी, स्टिरिओमध्ये

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी.

निश्चय झाला. कल्पनाची भूपाळी मी स्वतः रेकॉर्ड करणार. लखनौच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटला, लाइव्ह, स्टिरिओमध्ये, थेट कॉम्प्युटरवर. संशोधन संस्थेतून रिटायर झाल्यापासून लोक विचारतात, वेळ कसा जातो. आता सांगता येईल.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो, कारण शास्त्रज्ञानं नोंदी ठेवाव्यात. कल्पनाच्या, म्हणजे बायकोच्या, गळ्यात थायरॉइडची गाठ आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढायची. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण आवाजाची नस तिला चिकटून जाते, तेव्हा नंतर आवाज थोडा बदलू शकतो. क्वचित कायमचा. कल्पनानं विचारलं, गाता येईल ना. डॉक्टर म्हणाले, बोलता तर नक्की येईल. डॉक्टर लोकांना अशी अर्धवट उत्तरं द्यायची सवयच असते. मला प्रोबॅबिलिटी कळते, त्यामुळे मी अजिबात घाबरलेलो नाही. येताना आमच्या तेलीबागच्या चौकात गाडी दोनदा बंद पडली, ती क्लचमुळे.

भूपाळी तिच्या आईनं शिकवलेली. कुठे छापलेली नाही. चाल आता फक्त कल्पनाच्या गळ्यात आहे. आमच्या मुलीला, हिमानीला, शिकवायची राहिली. लहानपणी तिला लखनौत मराठी गाणं म्हणायची लाज वाटायची, आणि आता बंगळुरूत वेळ नाही.

३० सप्टेंबर.

माइक ऑर्डर केला. पोर्टेबल, स्टिरिओ. दिसायला इलेक्ट्रिक शेव्हरसारखा, पण आत दोन कान. डावा डावीकडचं ऐकतो, उजवा उजवीकडचं. कल्पनानं विचारलं, फोनवर नाही का होणार. मी हसलो. फोनचं काम फोन करणं. ती म्हणाली, बरं. बरं म्हणताना तिनं जो सूर लावला तोही रेकॉर्ड करण्यासारखा होता.

३ ऑक्टोबर.

माइक आला. दसरा हुकला, नाहीतर पूजा केली असती. माहितीपत्रक जगातल्या बऱ्याच भाषांत आहे, मराठीत नाही. निषेध म्हणून वाचलं नाही. वायर लॅपटॉपला लावली, माइकवर हिरवा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे झालं. एवढ्यासाठी लोक दुकानातल्या भैया लोकांना पैसे देतात.

४ ऑक्टोबर.

पहिली चाचणी. माइक हॉलच्या त्या टोकाला कल्पनासमोर, मी या टोकाला टेबलाशी लॅपटॉपपुढे. ती एक ओळ गायली, मी सूचना दिल्या. मग ऐकलं.

माझा आवाज अप्रतिम. श्वाससुद्धा ऐकू येतो. इतकी वर्षं सेमिनारमध्ये मागच्या रांगेतले लोक 'ज़रा ज़ोर से' म्हणायचे, ते त्या हॉलच्या दर्जामुळे, हे सिद्ध झालं. कल्पनाचा आवाज मात्र पार लांब आलमबागहून येतोय असा. माइक तिच्या नाकापासून वीतभर लांब होता, म्हणजे दोष माइकचा नाही. निष्कर्ष: संवेदनशील माइकला शब्दोच्चार स्पष्ट लागतात. तिला समजावलं, आवाज पोटातून काढ. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार.

हिमानीचा व्हिडिओ कॉल. चाचणी ऐकवली. ऐकून म्हणाली, “बाबा, सेटिंग्ज़ में इनपुट कौन सा सिलेक्ट किया है?” मी सांगितलं, वायर लावली आहे, दिवा लागतो आहे, मग इनपुट दुसरा कुठला असणार. म्हणाली, एकदा माइकवर नख मारून बघा, आवाज येतो का. इतक्या नाजूक यंत्रावर नखं मारायची. एमबीए केलं की माणूस उंटावरून शेळ्या हाकायला लागतो. विषय बदलला.

७ ऑक्टोबर.

परिसरातल्या गोंगाटाचा सर्व्हे केला. कुकर, भाजीवाल्याचा भोंगा, वरच्या मजल्यावरच्या रस्तोगीजींचं ड्रिलिंग. रस्तोगीजींना जाऊन सांगितलं की माझं रेकॉर्डिंगचं काम चालू आहे. ते हात जोडून म्हणाले, अरे भाईसाहब, आप बस हुक्म कीजिए. चहा दिला, बालूशाही दिली. मी खाली पोचायच्या आत ड्रिल सुरू. लखनौत नाही कुणी म्हणत नाही, फक्त करत नाहीत.

जगात शांततेची किंमत फार थोड्या लोकांना असते.

१० ऑक्टोबर.

मंडळाची बैठक, अलीगंजला. सेक्रेटरी हृषीकेश. बँकेतला मनुष्य, सगळ्याला दोन सह्या लागतात. म्हणाला, हॉलचा साउंडवाला त्याच्या मिक्सरवरून थेट रेकॉर्डिंग काढून देईल, काकूंचं गाणं मस्त येईल. मी उभा राहिलो. मिक्सरमधून येतो तो मेलेला आवाज. लाइव्ह आवाजात हॉल असतो, हवा असते, माणसं असतात. हे सविस्तर मांडलं. चहा गार झाल्यावर सगळ्यांना पटलं.

हृषीकेश तरी चिवट. म्हणाला, काका, तुमचं मेन, त्याचं बॅकअप राहू दे. बॅकअप तो ठेवतो ज्याचा स्वतःवर विश्वास नसतो. हे वाक्य फार चांगलं जमलं, इथे लिहून ठेवतो. बॅकअप रद्द. आणखी एक ठराव करून घेतला: कार्यक्रमात सर्वांचे फोन बंद आणि पर्समध्ये. फोनच्या उजेडानं कलाकाराचं लक्ष जातं. घोषणा मीच करणार.

परत येताना स्कूटरवर मागून कल्पना म्हणाली, “असू दे ना हो बॅकअप.” मी तेलीबाग येईपर्यंत तिला मिक्सर आणि लाइव्ह यातला फरक समजावला. नंतर काही बोलली नाही. पटलं.

१३ ऑक्टोबर.

ती रियाज करते तेव्हा मी वही घेऊन बसतो आणि सुधारणा टिपतो. हल्ली मी खोलीत गेलो की गाणं थांबतं. स्वभावानं संकोची आहे.

आज सकाळी चहा करताना ओट्याशी गुणगुणत होती. मी आलेलो तिला कळलं नाही. दारात उभा राहिलो. ऑपरेशननंतर फोनवर हॅलो म्हणाली आणि मी ओळखलंच नाही तर. कुठून हा आवाज, कोण बाई, असं झालं तर.

मग लक्षात आलं की माइकचा स्टँड अजून आलेला नाही. त्या कामाला लागलो.

१६ ऑक्टोबर.

स्टँड येणार नाही, दिवाळीमुळे डिलिव्हरी बंद. हरकत नाही. मच्छरदाणीची दांडी स्टुलाला बांधली, वर माइक. कल्पना म्हणाली, लोक हसतील. म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये दांडी दिसत नाही.

आता मच्छर.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी.

घरी रंगीत तालीम. सावनी पेटी घेऊन आली होती. कल्पनाची धाकटी मैत्रीण, शाळेत संगीत शिकवते, कार्यक्रमात साथीला तीच. पूर्ण भूपाळी घेतली. ऐकलं तेव्हा पेटी आणि कल्पना दोघी लांब, पण माझी दाद लख्ख.

दादेबद्दल लिहायला हवं. महाराष्ट्रात माणसं गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात, हॉटेलचं बिल भरल्यासारख्या. लखनौत ओळीओळीला दाद. वाह. क्या कहने. फिर से इरशाद. इथे येऊन मी संपूर्ण शिकलो असं एकच शास्त्र, बाकी सगळं संस्थेत शिकलो ते इतरांनीच वापरलं. गाणाऱ्याला त्यानं बळ येतं. सावनी म्हणाली, काका, उद्या थोडं मनातल्या मनात द्याल का. सातारा सुटून पाच पिढ्या झाल्या तरी माणसाचा कोरडेपणा जात नाही. तिची तर पहिलीच.

लांबचा आवाज हॉलमध्ये आपोआप जवळ येईल. अकूस्टिक्स.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपार.

संपूर्ण यश.

पहाटे पोचलो. स्टूल, दांडी, माइक स्टेजच्या पुढ्यात, थेट कल्पनासमोर. तिथून लांब वायर, मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर लॅपटॉप. हिरवा दिवा. शेजारी रस्तोगीजी. मुद्दाम बोलावलं होतं, म्हणजे तेवढा वेळ ड्रिल बंद. फोनची घोषणा केली. अपेक्षेपेक्षा थोडी लांबली, कारण स्टिरिओ म्हणजे काय हेही सांगावं लागलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी गाणं सुरू होताच हळूच फोन वर केला. मी वाकून खांद्यावर बोट ठेवलं. ओशाळल्या.

कल्पना मोरपंखी साडीत. गायला बसली तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला आणि स्क्रीनकडे वळलो. आवाजाच्या मीटरचा हिरवा पट्टा सुंदर नाचत होता. विशेष म्हणजे प्रत्येक चांगल्या जागेला, मी दाद देताक्षणी, बरोबर वर जात होता. यंत्रालाही कळतं. रस्तोगीजींना मराठी येत नाही, म्हणून अर्थ सांगत होतो, आणि डावा कान-उजवा कान हेही. ते पूर्ण वेळ डोळे मिटून मान हलवत होते. मध्येच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बहुधा भावना अनावर झाल्या.

गाणं संपलं. सावनी पेटीवर डोकं टेकून रडत होती. पुढच्या बाई रडत होत्या. हृषीकेशनं चष्मा काढला. नेमकं काय झालं ते मला कळलं नाही, कारण मी फाइल सेव्ह होते आहे की नाही ते पाहत होतो. झाली.

२० ऑक्टोबर.

अभ्यंगस्नान. रेकॉर्डिंग अजून ऐकलेलं नाही. घाई कशाला. पाडव्याला कल्पना मला ओवाळेल तेव्हा ओवाळणी म्हणून तबकात पेन ड्राइव्ह टाकणार. साडी काय, कुणीही देतं. तिचा आवाज तिलाच भेट देणारा नवरा तेलीबागमध्ये दुसरा नसेल. हिमानीला सांगितलं, त्या वेळी व्हिडिओ कॉलवर राहा. मोठे स्पीकर रस्तोगीजींकडून आणलेत.

२२ ऑक्टोबर, पाडवा. संध्याकाळ.

ऐकलं.

आधी मी. फोनची घोषणा, पूर्ण. मग खुर्ची करकरली. मग मी रस्तोगीजींना: ये देखिए, हरी बत्ती. मग कुठेतरी खूप लांब, दोन भिंतींपलीकडे एक बाई गाते आहे आणि तिच्या पुढे मी उभा. वाह. मग अर्थ. मग डावा कान. क्या कहने. मग त्या बाईनं वरचा सूर घेतला असावा, कारण मी म्हणतो आहे, अब सुनिए, ये जगह सुनिए, इसकी माँ की है ये जगह, और ऐसे ही लेती थीं, सुनिए. आणि ते सांगून संपेपर्यंत जागा संपली. पुढे माझं नाक ओढणं. मी रडलो होतो असं दिसतं, पण त्याचाही पुरावा फक्त माझाच.

हिमानी स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, “बाबा, ये लैपटॉप का अपना माइक है. बाहर वाला तो चला ही नहीं.”

लॅपटॉपला स्वतःचा एक माइक असतो. स्क्रीनच्या कडेला, टिकलीएवढा. मला माहीत नव्हतं. सगळं त्यानं ऐकलं, आणि तो माझ्या तोंडासमोर होता. मच्छरदाणीच्या दांडीवरचा हिरवा दिवा नुसता दिवा होता.

कल्पना हातात तबक धरून उभ्यानं शेवटपर्यंत ऐकत होती. निरांजन विझलं. मला वाटलं बोलेल. रागावली असती तर उत्तरं तयार होती. तिनं एवढंच विचारलं, “त्या दिवशी वरचा सूर लागला होता का हो माझा?”

मी हो म्हणालो. मला माहीत नाही. मी पट्टा बघत होतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज.

दोष कुणाचा याचा शांतपणे विचार केला. लॅपटॉप कंपनीचा. गुपचूप माइक बसवतात आणि सांगत नाहीत. माइक कंपनीचा. हिरवा दिवा म्हणजे चालू असं जगात सगळीकडे असतं. हिमानीचा. तिनं सांगितलं होतं पण ठामपणे सांगितलं नाही.

मंडळातल्या सगळ्यांना फोन केले. कुणी चोरून थोडंसं तरी टिपलं असेल. कुणीच नाही. इतक्या वर्षांत मंडळानं पाळलेला हा पहिला ठराव. पुढच्या रांगेतल्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, तुम्ही बोट ठेवलंत ना, मग पर्समध्ये टाकला. हृषीकेशला विचारलं, साउंडवाल्यानं मनानं काही काढलं असेल का. म्हणाला, नाही काका, तुम्ही नको म्हणाला होतात. पुढे काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२६ ऑक्टोबर.

सगळं काही संपलेलं नाही. घरीच परत रेकॉर्ड करू. हिमानीनं फोनवर इनपुट बदलायला लावला, आता बाहेरचा माइक खरंच चालतो. नखही मारून पाहिलं. स्पष्ट येतं. हॉलमधला सोफा सरकवला, पडदे दुहेरी केले, कुकरला सुट्टी. बाहेर छठपूजेचे लाउडस्पीकर सुरू आहेत. ते संपले की लगेच.

कल्पनाला म्हटलं, उद्या. म्हणाली, घसा बसलाय. परवा विचारीन.

२९ ऑक्टोबर.

विचारलं. म्हणाली, भाजी निवडायची आहे. स्वयंपाकघरात भाजी नव्हती.

सुरुवातीला ती गात नाही म्हणून मला राग आला. मग दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तोंड मिटून. तिला घड्या घालताना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तिला तसं सांगायला गेलो आणि सांगताना स्टिरिओचा विषय निघाला.

३१ ऑक्टोबर.

हिमानी आली. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. हिमानी भूपाळीचे शब्द रोमन लिपीत फोनवर लिहून घेते आहे. मी अर्थ सांगायला गेलो, तर म्हणाली, बाबा, मम्मी बता रही हैं ना.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भरती. उद्या सकाळी पहिला नंबर.

जेवण झाल्यावर कल्पना स्वतःहून म्हणाली, आता गाते. मी माइककडे धावलो. दांडी, स्टूल, वायर, इनपुट, सगळं बिनचूक. या वेळी खरोखर बिनचूक. ती म्हणाली, राहू दे. हिमानीचा फोन घेतला, दोघी झोपायच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. हिमानी आईच्या फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून मागून साथ देणार. तिला चाल आली म्हणे. केव्हा आली, मला कळलं नाही.

मी बाहेर, दाराला टेकून. काम एकच, कुणाला बोलू द्यायचं नाही. घरात मी सोडून कुणी नव्हतं. ती गायला लागली. समोर स्क्रीन नव्हती, पट्टा नव्हता, त्यामुळे ऐकण्याखेरीज दुसरं काही करता येईना. वरचा सूर आला. लागला. अगदी सहज, आणि खाली येताना थोडा थरथरला, तिच्या आईचा थरथरायचा तसा.

मी मोठ्यानं वाह म्हणालो.

कडी निघाली. हिमानी म्हणाली, “बाबा, यार.” कल्पना तिच्यामागे पलंगावर बसली होती. रागावली नव्हती. जरा हसलीसुद्धा. म्हणाली, “परत गाते. तुम्ही तेवढं खाली जाऊन बसता का?”

म्हणून खाली, पार्किंगमध्ये, गाडीत बसून हे लिहितो आहे. हॉस्पिटलची बॅग मागच्या सीटवर आहे. इथूनसुद्धा दाद वर पोचायची शक्यता असते, म्हणून काचा वर केल्या आहेत. प्रयोग म्हणून बघितलं तर उत्तम. इथे काहीही ऐकू येत नाही.

मला ऐकायचं होतं.